जागतिक आप्पा

कोयनानगरच्या आमच्या कॉलनीत आप्पा दोन आहेत. एक पाण्याच्या टाकीवरचे आप्पा आणि दुसरे जागतिक आप्पा. या दुसऱ्यांची अख्खी नोकरी धरणावर गेली, निवृत्ती आता जवळ आलीय, आणि मध्येच कधीतरी त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. ताबा म्हणजे रोजचा नव्हे. रोजची पोळी-भाजी, डबे, दूध तापवणं, मिक्सरचं भांडं घासणं ही किरकोळ खाती काकूंकडेच आहेत. आप्पांकडे फक्त परराष्ट्र खातं.

दर रविवारी एक देश. घरात खाणारी माणसं चार: काकू, दहावीतला मुलगा, सुट्टीला आली तर पुण्याच्या होस्टेलवरची मुलगी, आणि आप्पांच्या आई. आईंनी ऐंशी ओलांडलीय आणि दात केव्हाच सोडलेत. त्यात चातुर्मासात कांदा-लसूण बंद. मुलगा कुठल्याही देशाच्या पदार्थावर मूठभर फरसाण घालतो. मुलगी नुसते फोटो काढते. काकू काही बोलत नाहीत, पण कणकेचा डबा हाताशी ठेवतात. जगातले थोर थोर पदार्थ या चौघांच्या चाचणीतून पार व्हायचे म्हणजे काय होत असेल, याची कल्पना त्या त्या देशांच्या वकिलातींना नाही हे बरं आहे.

पावसाळ्यात हे खातं बंद असतं. जुलै-ऑगस्टात शिवसागर जलाशय 105 टीएमसीकडे सरकायला लागला की आप्पा धरणावरच मुक्कामाला. सहा वक्र दरवाजे फूट-दीड फूट वर उचलल्याची बातमी आली की खाली नदीकाठची माणसं जनावरं हलवायला लागतात आणि आप्पांच्या घरात वरण-भात-तूप-लिंबू सुरू होतं. बाकी महाराष्ट्र कोयनेची पातळी विजेसाठी आणि पुरासाठी बघतो. आमच्या मजल्यावर ती जेवणासाठी बघितली जाते. ‘आज आवक वाढलीय म्हणे’ असं सांगताना मुलाचा चेहरा जो उजळतो तो दहावीच्या निकालालाही उजळेल असं वाटत नाही.

धरणावरची भाषा आप्पा घरी येताना गेटवर ठेवून येत नाहीत. कुकरची वाफ सोडणं म्हणजे ‘विसर्ग’, आमटी पातळ झाली तर ‘पाणलोटात जादा पाऊस’. काकूंकडे लग्नात आलेली ‘रुचिरा’ची प्रत आहे, हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली. सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली या पुस्तकात सगळं माप वाटी-चमच्यात दिलं आणि नव्यानं संसार मांडलेल्या मुलींची चिंता मिटवली. आप्पांची मात्र वाढवली. ‘कुणाची वाटी? किती घनसेंटिमीटरची?’ शेवटी त्यांनी मापाच्या नळीनं घरातल्या सगळ्या वाट्यांत पाणी ओतून बघितलं, एक वाटी प्रमाणित ठरवली आणि तिच्यावर मुलीच्या नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली. धोक्याची पातळी. त्या वाटीत काकू आता खोबरेल ठेवतात.

सामानाची गोष्ट वेगळीच. आमच्याकडे रवा, पोहे, गूळ पाहिजे तेवढा मिळतो. थोडं काही वेगळं लागलं की पाटण, आणि त्याहून वेगळं लागलं की दीड तासावर कराड. त्यामुळे ‘कराडला कोण चाललंय?’ हा प्रश्न आप्पा सकाळी चहाच्या आधी विचारतात. दवाखान्याला निघालेल्या माणसाच्या खिशातही ते चिठ्ठी कोंबतात. एकदा मलाच ऑलिव्ह तेल आणायला सांगितलं. किराणा दुकानदारानं औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवलं. तिथं बाटली मिळाली, पण काउंटरवरच्या बाईंनी पैसे घेताना हसून विचारलं, ‘मुलगा की मुलगी?’ मी ‘इटली’ म्हणालो नाही. ‘मुलगी’ म्हणालो, त्यांनी पेढे मागितले.

त्या तेलातून झाला रिसोटो. आता खरं सांगायचं तर तो वाईट नव्हता, आणि त्याचं श्रेय आमच्या खोऱ्यातल्या इंद्रायणीला. हा तांदूळ मुळातच चिकट, त्यामुळे सुटसुटीत भाताच्या पंगतीत त्याला नावं ठेवली जातात, पण रिसोटोला तोच गुण लागतो. तांदूळ तेलावर परतायचा, मग उकळता रस्सा एकेक डाव घालत ढवळत राहायचं. दाणे एकमेकांवर घासून पिठूळपणा सुटतो आणि मलईसारखी दाटी येते. मध्ये व्हाइट वाइन घालतात, असं आप्पा म्हणाले. काकूंनी नुसतं बघितलं. मग कोकमाचं आगळ घालण्यात आलं आणि इटलीला गुलाबी रंग चढला. दाणा आत किंचित कणीदार राहिला पाहिजे, यावर आप्पा ठाम होते.

आईंनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला.

‘बाळू, भात कच्चा हाय रं.’

‘आई, इटलीत असाच खातात.’

‘त्यास्नी दात असत्याल.’

उरलेली इटली परत कुकरात गेली, तीन शिट्ट्या झाल्या आणि आईंना ती मेतकूट घालून वाढण्यात आली. त्यांनी दोनदा मागून घेतली. आप्पांच्या वहीत या पदार्थापुढे ‘यशस्वी’ असा शेरा आहे. वही मी पाहिलीय. तिच्यात अयशस्वी असा रकानाच नाही.

पण आप्पांचं खरं रूप बघायचं तर मेक्सिकोचा रविवार. शनिवारी दुपारी ते स्टँडजवळच्या पानपट्टीवर उभे दिसले आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं की आप्पा तंबाखू खायला लागले. त्यांना नुसता चुना हवा होता. मेक्सिकोत मका दळण्याआधी चुन्याच्या पाण्यात उकळतात आणि रात्रभर तसाच ठेवतात. किलोभर मक्याला दहाएक ग्रॅम चुना. सकाळपर्यंत दाण्याचं साल सुटतं, चोळून धुतलं की निघून जातं. आणि नुसतं सालच निघत नाही. मक्यातलं बी-3 जीवनसत्त्व शरीराला मिळायला लागतं. युरोपवाल्यांनी अमेरिकेतून मका नेला, चुना तेवढा तिथंच सोडला; मग उत्तर इटलीतली गोरगरीब माणसं मक्यावरच जगायला लागली आणि पेलाग्रा या रोगानं पिचली. हे सगळं आप्पांनी मला जिन्यात उभं करून सांगितलं, हातात पातेलं होतं. आत काकू फोनवर बहिणीला सांगत होत्या, ‘काही नाही गं, मक्याला चुना लावतायत.’

गिरणीवाल्यानं ओला मका घेतला नाही. मग माळ्यावरून पाटा उतरला. आप्पांनी तासभर वाटला, मुलानं दहा मिनिटं, आणि एक पिवळसर गोळा तयार झाला. त्याला खरोखरच वेगळा, मातीवर पहिला पाऊस पडावा तसा वास होता. आता टॉर्टिया दाबायचं यंत्र. ते नसल्यामुळे आप्पांनी दोन स्टीलची ताटं घेतली, मध्ये दुधाच्या पिशव्या कापून घातल्या आणि वरच्या ताटावर स्वतः उभे राहिले. पहिली टॉर्टिया महाराष्ट्राच्या नकाशाची झाली, दुसरी कोकणाची. तिसरीच्या वेळी ताट सरकलं आणि आप्पा फ्रिजला धरून वाचले.

आई इतका वेळ खुर्चीत बसून बघत होत्या. जगात काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, पण डोळ्यांदेखत पीठ वाया गेलेलं त्यांना बघवत नाही. ‘सरक तिकडं,’ म्हणाल्या. खाली बसल्या, पाण्याचा हात घेतला, लिंबाएवढा गोळा तळव्यात मळला आणि परातीत थापायला सुरुवात केली. चार बोटं कडेकडेनं फिरत होती, आणि गोळा आपोआप गरगर फिरत मोठा होत होता. कड कुठं चिरली नाही. तव्यावर टाकली, वरून पाण्याचं बोट फिरवलं, उलटली, आणि ती टम्म फुगली. मेक्सिकोच्या खेड्यांत बायका अशाच हातावर थापत आल्यात, हे आप्पांनी लगेच सांगून टाकलं. ‘मग तू कशाला ताटावर नाचत हुतास?’ आई म्हणाल्या.

आत भरायला कोरेगावचा वाघ्या घेवडा होता, भौगोलिक मानांकन मिळालेला. त्या दिवशी फरसाणाची पिशवी कुणी उघडली नाही. मुलानं सहा खाल्ल्या. काकूंनी चार खाल्ल्या आणि कणकेचा डबा परत फडताळात ठेवला. माझ्या दारी आलेल्या वाटीतलं मी काय केलं हे सांगत नाही. वाटी रिकामी परत करायची नसते म्हणून बायकोनं त्यात शेंगदाण्याची चटणी घालून पाठवली, आणि आप्पांनी ती ‘बोलिव्हियन सॉस’ म्हणून सोमवारी ऑफिसात नेली.

शेंगदाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आषाढी एकादशीला, पाऊस लांबल्यामुळे, आप्पा घरी सापडले. आईंच्या पुढ्यात साबुदाण्याची खिचडी. आप्पांनी बोट दाखवून सुरुवात केली: साबुदाणा ज्या कंदाचा तो दक्षिण अमेरिकेतला, बटाटा पेरूकडचा, शेंगदाणा तिकडचाच, मिरची तिकडचीच, सगळं पोर्तुगीज आल्यानंतर आलेलं. म्हणजे उपासाचं ताट हे घरातलं सगळ्यात परदेशी ताट! आम्ही आईंकडे बघत राहिलो. आईंनी चमचाभर दही घेतलं. ‘येवढ्या लांबनं इठोबाच्या उपासाला आलं,’ त्या म्हणाल्या, ‘तुज्यापरीस पुण्यवानच म्हनायचं. तू पंढरीला तरी गेलास का कवा?’

केकचं म्हणाल तर तो मध्ये बसतो. आप्पा म्हणतात भूकंपाचा धक्का. दुसऱ्या कुठल्या गावात ही सबब चालली नसती, पण 11 डिसेंबर 1967 च्या मोठ्या भूकंपानंतर इथं जमीन अधूनमधून हलत असतेच, आणि लहानसहान धक्क्याला इथला माणूस ताटावरून उठतही नाही. त्यामुळे आप्पांना खोटं पाडायची सोय नाही. शिवाय लाईट. सगळे टप्पे मिळून कोयना 1,960 मेगावॅटची. ओव्हन लावला की जाते ती नेमकी आप्पांची फेज.

सध्या कोरिया चालू आहे. किमची. कोरियात थंडीच्या आधी कोबी मीठ-मिरची लावून मोठ्या मातीच्या बरण्यांत भरतात आणि बरण्या जमिनीत पुरतात, म्हणजे तापमान एकसारखं राहतं. आप्पांनी आईंच्या लोणच्याची बरणी मागितली, मिळाली नाही, म्हणून चिपळूणहून एक मागवली. क्वार्टरच्या मागं तिच्या मापाचा खड्डाही खणला, गुण्यात, कडा ओळंब्यात, तळाला वाळूचा थर. रानडुकरांसाठी वर फरशी घालायची ठरलंय. बरणी घाट चढून यायला चार दिवस लागले. तेवढ्यात आईंनी नातवाला हाताशी धरून त्या खड्ड्यात अळूचे कंद लावले.