फाइल उघडते, पुस्तक नाही

लोणंदच्या पोराला शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय गाठायचं तर रेल्वेने कोल्हापूर. अख्खा दिवस त्यातच जातो. ई-पुस्तकं आली आणि ही खेप टळली. ज्याला दिसत नाही, त्याची तर सगळ्यात आधी टळायला हवी होती. टळली का?

स्वतःच बघा. मोबाइलवर फाइल उघडा, एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडलाच जात नसेल, तर ते नुसते पानांचे फोटो. त्यातलं टॉकबॅक, म्हणजे फोनमधला मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, काय वाचणार?

नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या असतील तर आणखी पंचाईत. पडद्यावर स्वच्छ मराठी, कानात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ. परीक्षा आठवड्यावर आलेली.

तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं, ‘कॉपीराइटचा प्रश्न आहे.’

नाही.

दिव्यांगांसाठी पुस्तकाचं रूपांतर करायला 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यातच मोकळीक दिली. अंधांसाठी पुस्तकं खुली करणारा मराकेश करार जगात सर्वांत आधी मंजूर केला तो भारताने, 2014 मध्ये. ग्रंथालयाच्या काउंटरपर्यंत हे कधी पोचणार?

‘निधी नाही’ हेही ऐकून घेऊ नका. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. पानाच्या फोटोतून मजकूर काढणारं मराठी ओसीआरही फुकट. ओसीआरच्या चुका तपासायला मात्र माणूस लागतो आणि तो नेमायलाच हवा. सुगम्य पुस्तकालय ही अंध वाचकांसाठीची ऑनलाइन लायब्ररी 2016 पासून सुरू आहे. तिथली नोंदणी प्रवेशाच्या दिवशीच करून द्यायला काय हरकत आहे?

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात स्क्रीन रीडरचाही मुद्दा असतो. ‘आहे’ असं लिहून भागतं. तो संगणक शेवटचा कोणी, कधी वापरला, हे कोण विचारतं?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत दिव्यांगांसाठी किमान 5 टक्के जागा राखल्या. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीपुरते नकोत, बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर 2024 मध्ये बजावलं. आणि प्रवेश घेतलेला पोरगा अजून मित्राला विनवतोय, ‘एवढा धडा वाचून दाखव ना.’

ई-पुस्तकांची पुढची ऑर्डर निघण्याआधी ग्रंथपालांनी प्रकाशकाकडून नमुना फाइल मागवावी. कॉलेजातल्या अंध विद्यार्थ्याला ती ऐकायला द्यावी. तो ‘नाही वाचता येत’ म्हणाला, तर ऑर्डर थांबवावी.