उलटा ई, पाच मार्क

महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली. आता जुन्नर-आंबेगावच्या पोरांना उच्चारचिन्हंही शिकवा, असं म्हणणारे जाणकार आहेत. १८८६ साली पॅरिसला स्थापन झालेल्या ध्वनितज्ज्ञांच्या संघटनेची ही लिपी. तिच्यात उलटा ई आहे, ग्रीक थीटा आहे. सूचना शास्त्रशुद्ध आहे, त्यामुळे तिचं पुढे काय होणार हेही उघड आहे. चिन्हांवर पाच मार्कांचा प्रश्न येईल, प्रश्नामागून गाईड येईल आणि गाईडात प्रत्येक चिन्हासमोर उच्चार छापलेला असेल, तोही देवनागरीत! घोडेगावचं पोर पाचपैकी पाच मिळवील आणि तोंड न उघडता उच्चारात पास होईल.

मग देवनागरीच काय वाईट, असं कुणी विचारील. वाईट मुळीच नाही. परक्यांची नावं आपल्या अक्षरांत बसवण्याचा जुन्नरचा अनुभव तर दोनेक हजार वर्षांचा आहे. इथल्या लेण्यांत इरिल आणि चिट या यवन दात्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. ती मंडळी स्वतः ती कशी उच्चारत, देव जाणे; इरिलने दिलेल्या पाण्याच्या दोन टाक्यांची नोंद मात्र पक्की झाली. पुढे मराठीने ॲ आणि ऑ घडवले, व्हॅनचा व्ह वॉटरच्या व-पासून वेगळा काढला, आणि नारायणगावच्या पाट्या रंगवणाऱ्यांना त्यासाठी पॅरिसला जावं लागलं नाही. पण चाक आणि चार यांतला च आपण एकच लिहितो आणि तरी चुकत नाही, कारण कान घरचा असतो. इंग्रजीला तो कान नाही. 'फोटोग्राफ'मधला जोर पहिल्या अवयवावर असतो, 'फोटोग्राफर'मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो आणि पहिला स्वर जवळजवळ विरतो. हे आपल्या अक्षरांत दिसतच नाही, म्हणून आपण सगळे अवयव सारख्याच निष्ठेने ठणकावतो.

मोबाइल उच्चार ऐकवतो की, हा आक्षेप आहुप्यात रेंज मिळेल तेव्हा विचारात घेऊ. मिळाली तरी काय ऐकायचं हे आधी कळायला हवं, आणि तेवढ्यासाठी जोराची छोटी उभी रेघ आणि त्या विरलेल्या स्वराचा उलटा ई पुरेत. बाकीची चाळीसेक चिन्हं शिक्षकांच्या प्रशिक्षणात शिकवावीत. शब्दकोश उघडताना त्यांना लागतील. परीक्षा घ्यायचीच तर तोंडी घ्यावी. एवढ्या पोरांचं ऐकत बसायला वेळ कुणाला आहे, असं लगेच विचारलं जाईल. लेखी चिन्हांचा आग्रह इतका का, ते त्या प्रश्नातच आलं.