टाकीशी बरोबरी नको, सॉकेट द्या!

इलेक्ट्रिक मोटरसायकल विकणाऱ्यांनी ‘पेट्रोलच्या तोडीस तोड’ ही भाषा आता सोडावी. ऊर्जा साठवण्यात ती बरोबरी आज होत नाही. होते असं सांगून एका चांगल्या वाहनाची नाहक नाचक्की चालली आहे.

डुकाटीचंच घ्या. मोटोई या इलेक्ट्रिक शर्यतींत 2023 पासून सगळ्या गाड्या या कंपनीच्या होत्या. गाडीचं वजन 225 किलो, त्यातले 110 किलो एकट्या बॅटरीचे. त्या धुडात मावायची 18 युनिट वीज. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते. म्हणजे 110 किलोंच्या बॅटरीत ऊर्जा किती, तर दोन लिटर पेट्रोलएवढी. तेवढं पेट्रोल काट्यावर जेमतेम दीड किलो भरतं. पेट्रोलवरच्या मोटोजीपीची शर्यत बहुधा 20 फेऱ्यांच्या आसपास किंवा पुढे जाते; मोटोईची सात-आठ फेऱ्यांत आटोपायची.

कारण सरळ आहे. एक किलो पेट्रोल जळायला 14.7 किलो हवा लागते आणि ती वाटेत फुकट मिळते. बॅटरीला मात्र रासायनिक क्रियेचं सगळं साहित्य स्वतःच वाहावं लागतं. कारमध्ये हे ओझं पायाखाली पसरता येतं, मोटरसायकलकडे दोन चाकांमधली टीचभर जागा. त्यात वेग 40 वरून 80 वर नेला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. जाहिरातीतली रेंज हायवेला लागल्यावर भराभर उतरते ती यामुळे.

पण मोटर उधळी नाही. इंजिन पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जा चाकापर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. मोटर 85 ते 90 टक्के वीज कामाला लावते. म्हणून 3 युनिटच्या बॅटरीवर स्कूटर शहरात 80-100 किलोमीटर जाते. रोज 30-40 किलोमीटर करणाऱ्या पिंपरीच्या कामगाराला किंवा ठाण्याच्या शिक्षिकेला एवढं पुष्कळ झालं. बॅटरी भरायला तास लागतात हे खरं, पण ते तास झोपेत गेले तर कुणाला जाचत नाहीत.

अडतं ते पार्किंगमध्ये. तिथे सॉकेट नसतं, आणि वायर सोडायला सोसायटीची कमिटी परवानगी देत नाही. मग काढता येणारी बॅटरी घेऊन जिने चढायचे. सव्वा-दीड युनिटची एक बॅटरी 10 किलोंच्या आसपास भरते. दिवसभर राबून आलेल्या माणसाला हे रोज करायला लावणं अन्याय आहे.

तेव्हा तीन गोष्टी हव्यात. चाचणीत मोजलेल्या रेंजशेजारी, मागे माणूस बसवून ताशी 80 च्या वेगाने गाडी किती जाते तेही छापा. प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीटरसह सॉकेट सक्तीचं करा. आणि बदलता येणाऱ्या बॅटरीचं माप सगळ्या कंपन्यांसाठी एकच ठेवा. होंडा, यामाहा, सुझुकी आणि कावासाकी या कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी 2021 मध्ये जपानात समान मानकावर सहमती केली. आपल्या कंपन्यांनीही एका टेबलाशी बसावं. बॅटरीची रसायनं सुधारायला वेळ लागेल. भिंतीत सॉकेट बसवायला वायरमनला एक दुपार पुरते.