तीस अंशांतले अण्णा

काही माणसं आजारी पडतात, काही माणसं आजारपण राबवतात. आमच्या सोसायटीतले अण्णा दुसऱ्या पंथाचे. उभी हयात कोषागारात बिलांवर त्रुटी काढण्यात गेली. त्यामुळे कागदावर आहे ते खरं आणि तोंडी सांगितलेलं संशयास्पद, ही त्यांची श्रद्धा. अशा माणसाच्या नाकाचं ऑपरेशन झालं आणि घरी सोडताना दवाखान्याने त्यांच्या हातात दोन पानी सूचनापत्रक ठेवलं.

ऑपरेशन तसं नेहमीचंच. नाकाच्या आतला पडदा एका बाजूला कललेला, ज्याला आपण ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणतो. डाव्या नाकपुडीने कैक वर्षं काम बंद ठेवलेलं. डॉक्टरांनी भूल देऊन पडदा सरळ केला, दोन्ही नाकपुड्यांत पॅकिंग ठासलं, खाली गॉजची घडी मिशीसारखी चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. पत्रकातही नवं काही नव्हतं. डोकं उंच ठेवून उताणं झोपा, नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडून शिंका, वाकू नका, वजन उचलू नका, कढत काही घेऊ नका. डोकं खाली गेलं किंवा जोर लागला की नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात, सूज वाढते आणि ओल्या जखमेतून रक्त यायला लागतं. एवढं कळल्यावर चारचौघं दोन उशा वाढवतात आणि झोपतात.

अण्णांनी नातीची कंपासपेटी मागवली.

पत्रकात ‘डोके 30 ते 45 अंश उंच’ असं होतं. दोन दर आले की कमी दर मंजूर करायचा, हा नोकरीतला शिरस्ता. म्हणून 30. मुलाने दोन लोड आणि तीन उशा रचल्या, अण्णा टेकले, तर मान मुडपून हनुवटी थेट छातीवर. शेवटी वहिनींनी लोड ओढून कमरेपर्यंत घेतला, त्यावर उशा उतरत्या लावल्या आणि पाठीपासूनच चढण तयार केली. गुडघ्यांखाली एक उशी सरकवली, म्हणजे माणूस खाली घसरत नाही. ही बाई शाळेत भूमितीत नापास झाली होती असं अण्णा कायम सांगतात. मग अण्णांनी कोनमापकाच्या मधल्या भोकात दोरा ओवला, दोऱ्याला कपाटाची किल्ली लटकवली आणि कोनमापक उतारावर धरला. किल्ली डोलली, थांबली. 28. एक अभ्रा घडी करून खाली गेला, तेव्हा ‘मंजूर’ झालं.

खरी अडचण पुढे होती. अण्णा जन्मापासून पालथे झोपणारे. उशीत नाक खुपसल्याशिवाय डोळा लागत नाही, आणि नेमकं तेच नाक आता दुरुस्तीला. झोपेत माणूस कुशीवर वळतो, कुशीवरून पालथा होतो, याला पत्रकात उपाय नव्हता. अण्णांनी स्वतःच्या दोन्ही बाजूंना गाद्यांच्या वळकट्या लावून घेतल्या आणि तरीही भरवसा नको म्हणून पहाऱ्याचं पाळीपत्रक काढलं. रात्री 10 ते 2 वहिनी, 2 ते 6 मुलगा. कूस बदलण्याचा प्रयत्न दिसल्यास खांद्याला हलकेच दाबून पूर्ववत करावे, अशी तळटीप.

पहिल्याच रात्री अण्णा तोंडाचा आ करून जे झोपले ते सकाळपर्यंत हलले नाहीत. मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये कॅमेरा चालू ठेवून घोरला.

तोंडाने श्वास घ्यायचा म्हणजे घसा कोरडा पडणार. उशाशी पाण्याचं भांडं, ओठांना साजूक तूप, आणि शेजारी वही. वहीत नोंदी: ‘11.20, मिशी बदलली. डाग फिका गुलाबी.’ ‘3.05, मिशी बदलली. डाग अत्यल्प.’ सुरुवातीला अशी गुलाबी गळती चालतेच. लाल रक्त धारेने यायला लागलं आणि थांबेना, तर उठून बसायचं, घशात उतरलेलं रक्त गिळायचं नाही, थुंकायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. हे अण्णांनी फळ्यावर लिहून स्वयंपाकघरात टांगलं होतं. हसू आलं तरी सांगतो, हा फळा मला पटला. मध्यरात्री घाबरलेल्या घराला दोन पानी पत्रक कधीच सापडत नाही.

फोडणीचं परिपत्रक मात्र नाही पटलं. शिंक येऊ नये म्हणून ‘आठवडाभर कोणीही मिरचीची फोडणी देऊ नये’ अशी सूचना जिन्याखालच्या बोर्डावर लागली. मी वर गेलो, तर वहिनी म्हणाल्या, “भावजी, त्यांच्या नाकात बोळे आहेत हो. त्यांना वास येतोय कुठे? माझी आमटी अळणी म्हणून दोनदा परत पाठवली.”

भेटायला येणाऱ्यांनी आपापले उपाय आणले. एकाने डोकं दुखतंय म्हणताच खिशातून ॲस्पिरिन काढली, दुसऱ्याने निवांत झोपेसाठी स्वतःची अर्धी गोळी देऊ केली. अण्णांनी दोन्ही प्रस्ताव नामंजूर केले, आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. ॲस्पिरिनने रक्त गोठायला वेळ लागतो, आणि नाक बंद असताना झोपेच्या गोळीने श्वास मंदावला तर ते भलत्याच दुखण्याला आमंत्रण. चिठ्ठीवर नाव नाही ते औषध नाही, हा कोषागारी हट्ट इथे कामाला आला.

पाहुण्यांना जाण्याआधी कावसजी ऐकावा लागे. हा इंग्रजी फौजेचा गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली आणि 1814 साली कार्प्यू नावाच्या सर्जनने तिकडे तसंच ऑपरेशन केलं. वैद्याचं नाव मात्र हकीकतीत नाही. “म्हणजे नाक कसं लावायचं हे साहेबाला आपण शिकवलं,” अण्णा बोळ्यांतून गेंगाण्या आवाजात सांगत. “रोग्याला पाच-सहा दिवस उताणं झोपवतात, हेही त्यात आहे. पण किती अंशांत, ते लिहिलेलं नाही. रेकॉर्ड अपूर्ण!”

पॅकिंग निघालं त्या दिवशी अण्णा जरा नरम दिसले. बोळा ओढताना मेंदूच बाहेर येतोय असं वाटतं म्हणाले. मग खोल श्वास घेऊन दोन्ही नाकपुड्या तपासल्या आणि डावी रुजू झाल्याचं जाहीर केलं. आतली सूज उतरायला अजून काही आठवडे लागतील, तोवर ती मधूनमधून रजा टाकेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतंच. मिठाच्या पाण्याचा फवारा, वाकणं बंद, देवपूजा उभ्याने. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, “आता साध्या एका उशीवर झोपा.” अण्णांनी विचारलं, “हे लेखी मिळेल?” बाहेर पेशंटची रांग होती. डॉक्टर हसले आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

लेखी आदेश नसल्याने अण्णा अजूनही 30 अंशांतच झोपतात. पाळीपत्रक तेवढं वहिनींनी फाडून टाकलं. घोरणं पूर्ण थांबलेलं नाही. पडदा सरळ झाला म्हणून घोरणं जाईलच असं नसतं, आणि तसं पत्रकात लिहिलेलंही होतं, हे अण्णाच दाखवतात.

तुमच्याकडे कोणाचं नाकाचं ऑपरेशन ठरलं असेल तर वेगळे लोड विकत आणू नका. अण्णांकडे आता जादा संच आहे. मागितला की देतात, रजिस्टरवर सही घेतात. परत करताना अभ्रे धुऊन आणावे लागतात.