डॉ. शेल्डन कूपर यांस, परतूरहून

प्रति,
डॉ. शेल्डन कूपर,
कॅलटेक, पॅसाडेना



शेल्डनराव, शास्त्रज्ञाची नोकरी कशी असते हे २००७ ते २०१९ अशी बारा वर्षं तुम्ही 'द बिग बँग थिअरी' या मालिकेतून जगाला दाखवलंत. परतुरातही आम्ही ते मोबाइलवर पाहिलं. मी तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवतो. जितके तास तितकं मानधन, आणि उन्हाळ्यात तास नसतात. तुमच्या खणात न वटवलेले पगाराचे चेक सापडतात, त्या प्रसंगाला स्टाफरूममध्ये कुणी हसलं नाही. एकानं फक्त मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितलं.

मालिका खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. फळ्यावरची समीकरणं डेव्हिड साल्ट्झबर्ग हे खरेखुरे भौतिकशास्त्रज्ञ पुरवत, म्हणून ती बिनचूक. स्ट्रिंग थिअरी सोडतो म्हणालात, तर विद्यापीठानं 'नेमणूक त्याच विषयावर आहे' म्हणून अडवलं, हेही अस्सल. पण एक प्राध्यापक वारले आणि त्यांच्या कायम पदासाठी तुम्ही आणि तुमचे मित्र लेनर्ड, राज शोकसभेतच समितीच्या बाईंपुढे गोंडा घोळू लागलात, तिथं आम्ही थबकलो. जागा रिकामी झाली की भरतात? आमच्याकडं प्राध्यापकाबरोबर त्याची जागाही निवृत्त होते.

त्या स्ट्रिंग थिअरीपायी रुसून तुम्ही रेल्वेत बसून निघून गेलात, तेव्हाच इकडं यायचं होतं. परतूरला स्टेशन आहे, सिकंदराबाद-मनमाड मार्गावर. नोकरीचं मात्र आधी गणित मांडू. कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाला मुलाखतीला बोलावण्यासाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत शंभर गुणांचा तक्ता आहे. पीएच.डी.ला २५. शोधनिबंधाला प्रत्येकी २, पण जास्तीत जास्त ६. म्हणजे तिसऱ्या निबंधानंतर तुम्ही फुकटच राबलात. नेट-जेआरएफला १०, ते तुमचं राहूनच गेलं. आंतरराष्ट्रीय पुरस्काराला ३. एमीवहिनींसोबत मिळालेलं नोबेल त्यात बसवू, काळजी नसावी. बी.एस्सी.ला ८० टक्के असतील तर मात्र सरळ २१, नोबेलच्या सातपट! तेव्हा पदक राहू द्या, बी.एस्सी.चा मार्कमेमो तेवढा शोधून ठेवा. मुलाखतीनंतरचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नसतो. तो पानटपरीवर कळतो, लाखांत.

हे सगळं साल्ट्झबर्गसाहेबांना दाखवलं असतं, तर त्यांनी फळा पुसून टाकला असता. अर्थात तुमच्या अमेरिकेतही तासांवर राबणारे मास्तर ढिगानं आहेत म्हणे. बारा वर्षांत त्यांच्यातला एखादा तुमच्या सोफ्यावर बसलेला दिसला नाही, एवढीच माझी तक्रार.

जाहिरात निघेपर्यंत तासिकेवर यायचं असेल तर जुलैत या. सोफ्यावरची ती तुमची ठरलेली जागा घरीच ठेवून या. इथं रुजू होताना बाँडवर लिहून द्यावं लागतं, की या जागेवर माझा कोणताही हक्क राहणार नाही.

कळावे,
आपला,
तासिका तत्त्वावरील एक मास्तर,
परतूर, जि. जालना