किवता

लातूरच्या मित्राने दिवाळी अंकासाठी माझ्या जुन्या कविता मागितल्या. ‘शोधाव्या लागतील,’ असं मी रुबाबात म्हणालो. शोधायचं काय होतं? शालींच्या घडीखाली 2002 सालापासून सीडी जपून ठेवलेली, वर स्वतःच्या अक्षरात ‘समग्र वाङ्मय’. समग्र म्हणजे बेचाळीस कविता.

फाइल उघडेना. ती पेजमेकरमधली, आणि पेजमेकर 7 ही 2001 सालची शेवटची आवृत्ती. माझ्या कविता ज्या घोड्यावर चढल्या तो वरातीतच म्हातारा झालेला.

नांदेडात कुणी दाद देईना, म्हणून लातूर गाठलं. गंजगोलाईला 16 रस्ते मिळतात. त्यांतल्या एकावरच्या डीटीपीवाल्या पोराने जुन्या मशीनवर फाइल एकदाची उघडली. पडद्यावर डॉलर, टक्के, कंस, मध्येच एखादा उलटा स्वल्पविराम.

“सर, फॉन्ट कोणता होता?”

मला काय माहीत! फॉन्ट माझ्या कविता टाइप करणाऱ्या, नांदेडातल्या वजिराबादच्या दुकानदाराचा, आणि त्याहून त्याच्या डोंगलचा. आगपेटीएवढं ते कुलूप संगणकाच्या पाठीला, प्रिंटरच्या 25 पिनांच्या खोबणीत बसवायचं. ते नसेल तर मराठी बंद. दुकानदार रात्री ते बंडीच्या खिशात घालून घरी न्यायचा. दसऱ्याला त्या कुलपाला हळदकुंकू. एकदा तो लग्नाला परभणीला गेला आणि चुकून डोंगलही घेऊन गेला, तर दोन दिवस निम्म्या नांदेडच्या लग्नपत्रिका अडकल्या. मी तेव्हा बाकड्यावर बसून, आपल्यामुळे मराठी साहित्य खोळंबलं म्हणून हळहळत होतो.

खरी गोम पोराने सांगितली. त्या फॉन्टांत संगणकाला मराठी कळतच नव्हती. आत इंग्रजी अक्षरं नि खुणा, वर नुसता मराठी मुखवटा. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, ज्याचा त्याचा मुखवटा निराळा. मुखवटा हरवला की उरतात डॉलर. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती, विंडोज 2000 मध्ये मराठीची सोयही होती. मी मात्र 2002 मध्ये ‘आपण संगणकावर गेलो’ म्हणून गावभर पेढे वाटत होतो.

अंदाजाने फॉन्ट ओळखून पोराने मजकूर कन्व्हर्टरमधून काढला. ऱ्हस्व वेलांटी एक घर आधी सरकलेली, रफार भलत्याच डोक्यावर. ‘कविता’ची सगळीकडे ‘किवता’ झाली होती. कीव यावी अशी कविता! इतकी नेमकी समीक्षा माझी आजवर कुणी केली नव्हती.

मी हसत होतो, तेवढ्यात पोराने दुसरी फाइल उघडली. “ह्या काय की ओव्या दिसतात, सर.”

आईच्या. ओसरीवर पाय पसरून ती सांगायची, मी वहीत उतरवायचो. वही मीच रद्दीत घातली होती. ‘आता सगळं कॉम्प्युटरात आहे,’ असं तिला ऐटीत सांगितलंही होतं. ती काही बोलली नव्हती. वहीचा पुठ्ठा तेवढा तिने डब्याखाली घालायला काढून घेतला.

ओव्याही तशाच विस्कटलेल्या. ‘माय’ तेवढी जागच्या जागी. तिला ना वेलांटी, ना रफार.

आता रोज सकाळी एकेक वेलांटी जागेवर नेतो. काही ठिकाणी कन्व्हर्टर चुकला की आईचा उच्चारच तसा होता, ते ठरत नाही; तिथे हात लावत नाही. मित्राचे दोन फोन येऊन गेले. कविता शोधतोय, म्हणून सांगितलंय.