टेबलाचा खण

नव्या बैठकव्यवस्थेचा प्रयोग तिसऱ्या मजल्यावर महिनाभर चालावयाचा असून, त्या मुदतीत प्रत्येक कर्मचाऱ्याने आपला अभिप्राय निःसंकोचपणे नोंदवावा, आणि सर्व अभिप्रायांचा साकल्याने विचार झाल्याखेरीज अंतिम निर्णय घेतला जाणार नाही, असे जे परिपत्रक हल्ली मुंबई-पुण्याच्या कोणत्याही बऱ्यापैकी कंपनीत निघते, ते वाचून ज्याचा ऊर भरून येत नाही तो नोकरदार कृतघ्नच म्हटला पाहिजे. आपल्या बापजाद्यांच्या नशिबी हे भाग्य नव्हते. साहेबाने मुकर्रर केलेल्या खुर्चीवर बसून ते निवृत्त झाले, आणि त्या खुर्चीत ढेकूण आहेत हे नोंदविण्यासाठी त्यांना रकाना उपलब्ध नव्हता.

रकाने आता मुबलक आहेत. प्रकाशयोजना सुखद वाटते काय, भिंतीच्या हिरव्या रंगाने प्रेरणा मिळते काय, कुंडीतल्या झाडाने (ते प्लास्टिकचे आहे) चित्त प्रसन्न होते काय, विचारण्यात कसूर म्हणून केलेली नाही. उत्तरादाखल पाच चेहरे छापले आहेत. पहिला किंचित हसरा, पाचवा खदखदून हसणारा. विचारलेले नाही ते एवढेच, की टेबलाचा खण कोठे गेला?

खण गेला, कारण टेबलच कोणाचे राहिले नाही. दहा माणसांमागे सात टेबले. जो आधी येईल त्याने बसावे, आणि बदलापूरहून उभ्याने प्रवास करून येणाऱ्याने उरलेला दिवस उंच स्टुलावर लोंबकळत काढावा, अशी ही समतेची योजना आहे. पण जागेचे दुःख एक वेळ गिळता येईल. खणाचे गिळवत नाही. त्या खणात डब्याबरोबर लागणारा स्टीलचा चमचा असे, काडी मोडलेला जुना चष्मा असे, डोकेदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, शिर्डीच्या उदीची पुडी, सेफ्टी पिना, विम्याच्या हप्त्याची पावती, गतसालचा फॉर्म 16, जून ते सप्टेंबर कोरड्या मोज्यांचा एक जोड, आणि अगदी तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीखाली, सही केलेला पण तारीख न घातलेला राजीनामा असे, ज्याच्या नुसत्या अस्तित्वाच्या आधारावर माणसाने वीस-वीस वर्षे इमानेइतबारे चाकरी केली. हा सारा ऐवज आता लिफ्टशेजारच्या लॉकरमध्ये ठेवावयाचा, ज्यात डबा आडवा मावत नाही आणि जो रोज सायंकाळी रिकामा करून देणे बंधनकारक आहे. म्हणजे राजीनामा रोज घरी न्यावयाचा आणि रोज परत आणावयाचा. तो एखाद्या दिवशी साहेबांच्या हाती पडला, तर दोष कोणाचा?

कोणी धीर करून ‘इतर सूचना’ या सदरात ‘खण हवा’ असे लिहिलेच, तर अहवालात त्याचे ‘कर्मचाऱ्यांनी साठवणुकीविषयी उत्साह दर्शविला’ असे होते. ज्यांनी काहीच लिहिले नाही ते तटस्थ, आणि तटस्थांची बेरीज अनुकूलांत!

हा शुद्ध देखावा आहे. प्रयोग सुरू होण्यापूर्वीच वरचे दोन मजले मालकाला परत करण्याचे ठरलेले असते, टेबलांचे कंत्राटही सुटलेले असते. पत्रिका वाटून झाल्यावर मुलीला ‘स्थळ पसंत आहे ना?’ असे विचारण्याचाच हा प्रकार. चौरस फुटाचे भाडे परवडत नाही, असे सरळ सांगा की! दीड खोलीत संसार केलेल्या या शहराला ते समजावून सांगावे लागत नाही. त्याऐवजी ऐकावे लागते की, भिंती गेल्या म्हणजे संवाद वाढतो. अमेरिकेतल्या दोन बड्या कंपन्यांत माणसांच्या गळ्यात यंत्रे अडकवून हा संवाद मोजला गेला. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार भिंती गेल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे 70 टक्क्यांनी घटले आणि ई-मेल वाढले. मोकळ्या दालनात कुंड्यांच्या आडोशाने टेबले मांडण्याची टूम पश्चिम जर्मनीत 1950 च्या दशकाच्या अखेरीस निघाली, तेव्हा साहेबालाही त्याच दालनात बसविण्याची तीत निदान सोय होती. पुढे तेथे 1972 च्या कायद्याने कामाच्या जागेच्या रचनेबाबत कर्मचारी-मंडळाशी विचारविनिमय करणे मालकावर बंधनकारक झाले. आमच्याकडे कुंड्या तेवढ्या आल्या; कायदा जकातनाक्यावरच अडकला असावा. आणि भिंतींचे दुष्परिणाम आम्हांस समजावणारे गृहस्थ? ते दार लावून, तीन खणांच्या टेबलाशी बसतात. तिन्ही खणांना कुलपे आहेत.

तेव्हा वाचकहो, अशी प्रश्नावली आपल्या हाती आली, तर रंगाविषयी आणि झाडाविषयी मनाला येईल ते खुशाल लिहावे. परंतु ‘इतर सूचना’ या सदरात मजले परत करण्याचा करार कोणत्या तारखेस झाला, एवढे मात्र अवश्य विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे.